वाकड्या चेरींचं कस्टर्ड

डोंगराच्या कुशीत, जिथं करवंदीच्या जाळ्या संपतात आणि धुकं सुरू होतं, तिथं गवतानं शाकारलेलं एक इवलंसं खोपटं होतं. चिमणीनं घाईघाईत बांधलेल्या घरट्यासारखं. त्यात येसू नावाची आठ वर्षांची पोर आणि तिची आई भागू अशा दोघी राहायच्या. येसूच्या परकराला लाल, पिवळं आणि हिरवं अशी तीन ठिगळं होती, आणि डोळे पिकल्या करवंदासारखे काळेभोर, चमकणारे. इतर गोष्टींतल्या गरीब पोरी उठता बसता रडतात. येसू रडायची नाही. ती चिडायची. आणि चिडायला तिच्याकडे कारण होतं.

भागू चेरी करायची. डोंगरावर खरी चेरी कुठली उगवायला, करवंदंच ती. कच्ची करवंदं चिरायची, नखानं बी काढायची, चुन्याच्या निवळीत बुडवून त्यांचा चीक मारायचा, उकळत्या पाण्यातून काढायची, बिटाचा रंग द्यायचा आणि मग आठ दिवस रोज थोडा थोडा साखरेचा पाक पाजायचा. आठव्या दिवशी बरणी उन्हात धरली की आत माणकं भरल्यासारखी दिसायची. या चेरी जायच्या टेकडीवरच्या काचबंगल्यात. तिथं भागूच त्यांचं कस्टर्ड करायची. अंडी, दूध, साखर, वर चेरी. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. पिवळंधमक, थरथरणारं, कडेनं सोनेरी झालेलं कस्टर्ड. बारा वर्षं केलं भागूनं, आणि बारा वर्षांत एक चमचा तिच्या तोंडात गेला नाही.

कारण बंगल्याच्या बाईसाहेबांचा नियम होता. "करणारीनं चाखलं की उष्टं झालं," त्या म्हणायच्या.

देवाच्या नैवेद्याला हा नियम असतो, ठीक आहे, देव आहे तो. पण कस्टर्ड कुठल्या देवाला लागतं? तरी भागू मान खाली घालून "होय बाईसाहेब" म्हणायची.

त्या वर्षी भागूला ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज नको, भात नको, गूळसुद्धा नको. सात दिवसांत भागू वाळल्या पानासारखी हलकी झाली. वैदूबाबा नाडी बघून म्हणाले, "औषध संपलं माझं. हिनं आता आपणहून मागून चार घास खाल्ले तर उठेल. नाही तर नाही."

येसू आईच्या कानाशी वाकली. "आई, काय खावंसं वाटतंय? काहीही सांग."

भागूनं फळीवरच्या बरणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते कस्टर्ड एकदा चाखायचं राहिलं बघ." आणि लगेच, चोरी पकडल्यासारखं, "जाऊ दे गं. उगं बोलले."

येसू लोटकं घेऊन तडक काचबंगल्यावर गेली. तिथं मेजवानीची तयारी चालली होती. दारात झुंबरं चमकत होती, तांबडे गालिचे पसरले होते. पायरीवर कालचं पातेलं ठेवलं होतं, कडेला बोटभर कस्टर्ड चिकटलेलं, आणि बाईसाहेबांचा गुबगुबीत कुत्रा ते चाटत होता.

"बाईसाहेब, आईला एक चमचा द्या," येसू म्हणाली. "ती काहीच खात नाही. बारा वर्षं तिनंच केलंय ना?"

"पाहुण्यांच्या आधी?" बाईसाहेब म्हणाल्या. "अगं, काही रीतभात? उरलं तर बघू."

"कुत्र्याला उरलंय की."

"तोंड फार चालतं तुझं. जा घरी. तुझी आई नसली तरी आमचं अडत नाही. नवा आचारी आणलाय."

येसू निघाली ती पाय आपटत. अंगाची लाही लाही झाली होती. कुत्र्याचं उष्टं होत नाही, पाहुण्यांचं उष्टं होत नाही, आणि जिनं केलं तिचं मात्र उष्टं होतं. ही कसली रीत? रानात आल्यावर तिनं समोरच्या करवंदीच्या जाळीला एक सणसणीत लाथ घातली.

"आई गं," जाळी म्हणाली.

येसूनं वाकून पाहिलं. हिरव्यागार पानांत, काट्यांच्या मधोमध, बोटाएवढी एक परी अडकली होती. अंगात फिकट गुलाबी झगा, केसांत करवंदीची पांढरी फुलं, आणि पंख दवाच्या थेंबातल्या इंद्रधनुष्याचे. एका पंखात काटा रुतला होता.

"थांबा, हलू नका," येसू अजून रागातच म्हणाली. "हललात तर फाटेल." तिनं जाळीत हात घातला. स्वतःच्या मनगटावर चार ओरखडे आले, पण परीच्या पंखाची एक चमकी सांडू न देता तिनं तो काटा अलगद काढला. मग पंखावर हळूच फुंकर घातली. "आता इथं कशाला फिरता? दिसत नाही काटे आहेत ते?"

परी खुदकन हसली. घुंगरू वाजावं तशी. "बाळ, रागावलेल्या हातानं इतकं हळुवार काम करणारी मी पहिल्यांदाच पाहिली. माग, तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं."

"असणारच," येसू म्हणाली. "सगळ्यांचे असतात."

"पहिला, फक्त स्वतःसाठी मागायचं. दुसरा, तयार पदार्थ मिळणार नाही, कष्ट आपल्या हातचे. तिसरा, चुलीवर काम चालू असताना दारात जो येईल त्याला हाकलायचं नाही."

येसूनं कमरेवर हात ठेवले. "आईसाठी मागायचं नाही? ही कसली परीगिरी? ज्याला लागतं त्याच्यासाठी मागायचं नाही, आणि ज्याला नको त्यानं ओंजळ पसरायची?"

"नियम माझे नाहीत गं. वरून आलेत."

"मग वर जाऊन सांगा त्यांना, एकदा खाली येऊन बघा म्हणावं."

परी ओशाळली. तिचे पंखही जरा फिके पडले. येसूनं मग डोकं चालवलं. "बरं. मला दूध पाहिजे. मला. त्याचं मी काय करीन ते माझं मी बघीन."

परीचे डोळे लुकलुकले. तिनं हात फिरवला, आणि जाळीवरची पांढरीशुभ्र फुलं एकेक करून वाकली. प्रत्येक फुलातून टपोरा थेंब पडला, टप, टप, टप, आणि येसूचं लोटकं ताज्या, कोमट दुधानं काठोकाठ भरलं.

"आणि मला साखर पाहिजे."

पानापानावर उन्हाचे कवडसे नाचत होते. ते चिमुकले कवडसे टुणटुण उड्या मारत येसूच्या ओच्यात आले आणि लकलकणारी साखर झाले.

"तिसरी?"

"ती राहू दे. तुमच्या नियमांचा काही भरवसा नाही. लागेल तेव्हा मागीन."

"मग मीही येते," परी म्हणाली आणि येसूच्या वेणीत जाऊन बसली.

घरी चंपी कोंबडीनं तीन अंडी घातली होती. आणि चेरी? फळीवरच्या बरणीच्या तळाशी एकोणीस चेरी होत्या. फुटक्या, वाकड्या, एका बाजूनं चेपलेल्या. बंगल्यावर असल्या चालायच्या नाहीत, म्हणून मागं राहिलेल्या. पण पाक त्याच आठ दिवसांचा आणि लाली तीच.

येसूनं आईला शेकडो वेळा बघितलं होतं. तिनं अंडी रवीनं घुसळली, फेस न आणता. त्यात कोमट दूध धार धरून सोडलं, साखर विरघळवली, चमचाभर तांदळाचं पीठ घातलं, जायफळ उगाळून घातलं आणि सगळं फडक्यातून गाळलं. चेरी पुसून पिठात घोळवल्या, म्हणजे तळाला बुडत नाहीत. लोणी फासलेल्या छोट्या पातेल्यात सगळं ओतलं, ते पातेलं पाणी घातलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवलं, वर झाकण, झाकणावर निखारे.

"विस्तव मंद ठेव, येसे," भागू पडल्या पडल्या पुटपुटली. डोळे मिटलेलेच होते, पण नाक जागं झालं होतं. येसूनं ते पाहिलं आणि तिच्या छातीत पाखरू फडफडलं.

इतक्यात दार वाजलं. दारात बाईसाहेब उभ्या. जरीचं लुगडं, नाकात हिरा, आणि चेहरा मात्र नासलेल्या दुधासारखा.

"भागू कुठंय?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "तिच्या चेरी काल संपल्या, तर त्या आचाऱ्यानं कच्चीच करवंदं रंगवून घातली दुधात. सगळं फाटलं. पाहुणे ताटावर बसलेत. हा वास कसला? कस्टर्ड? दे ते."

येसूच्या ओठांवर 'चालत्या व्हा' आलं होतं. पण वेणीतून बारीक आवाज आला, "हाकलायचं नाही." येसूनं दात आवळले आणि घोंगडी टाकली. "बसा. दार उघडायचा नियम आहे. आधी वाढायचा नाही."

बाईसाहेब जन्मात पहिल्यांदा जमिनीवर बसल्या.

झाकण उघडलं तसा खोपटात उजेड पडला. पिवळंजर्द कस्टर्ड हळूच थरथरलं, त्यात एकोणीस लालचुटुक चेरी. येसूनं चमचा भरून आईच्या तोंडाशी नेला.

भागूनं डोळे उघडले. समोर बाईसाहेबांना बघितलं आणि तोंड फिरवलं. "आधी त्यांना दे, बाळ. करणारीनं आधी खाऊ नये. उष्टं होतं."

"आई, खा. तुला माझी शपथ."

"नको गं. बरं दिसत नाही." आणि तिनं ओठ घट्ट मिटले. बारा वर्षांची सवय. भुकेपेक्षा मोठी होऊन बसली होती.

बाईसाहेबांनी मान डोलावली. "बघ, तुझ्या आईला कळतं." आणि हात पुढं केला.

आता मात्र येसू उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "परीबाई, तिसरी इच्छा. ज्याच्या हातानं पदार्थ झाला, पहिला घास त्याचा. आज, उद्या आणि नेहमी."

"करणाऱ्याला म्हणजे तुलाच ना?" परीनं हळूच विचारलं. "स्वतःसाठीच मागायचंय."

"मीच केलंय. द्या."

परी हसली. चमचा येसूच्या हातातून सुटला, हवेत गरकन फिरला आणि पातेल्यात उभा राहिला. बाईसाहेबांनी तो ओढून बघितला. खुंटा ठोकावा तसा घट्ट. मग चमच्यानं आपणहून एक थरथरता घास उचलला, वर एक वाकडी चेरी घेतली. येसूकडे निघाला, अर्ध्यात थांबला, आणि वळून भागूच्या ओठांशी गेला. कस्टर्ड अर्ध्या तासाचं होतं. चेरी आठ दिवसांची होती. चमच्याला हिशेब बरोबर कळत होता.

"ही चेरी तुझ्या हातची आहे, आई," येसू म्हणाली. "पहिला घास तुझाच. आता तू नाही म्हटलंस तर कुणालाच मिळायचा नाही."

भागूचे ओठ उघडले. तिनं घास तोंडात घोळवला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. "अगं," ती नवलानं म्हणाली, "हे असं लागतं होय." आणि मग, सात दिवसांत पहिल्यांदा, "अजून एक दे."

त्यानंतर चमचा येसूकडे आला. एक घास आईला, एक लेकीला. सगळ्यात शेवटी, तळाचं खरवडून, वाटीत बाईसाहेबांना. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. वाटी खाली ठेवताना म्हणाल्या, "भागू, बारा वर्षं मी तुला विचारलंसुद्धा नाही."

"नाही विचारलंत," भागू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं 'होय बाईसाहेब' म्हटलं नाही.

परी येसूच्या वेणीतून उडाली. तिच्या पंखांचा उजेड मोठा मोठा होत गेला. आधी गुलाबी, मग केशरी, मग पांढराशुभ्र. "वर जाऊन सांगते त्यांना," ती म्हणाली, "एकदा खाली येऊन बघा म्हणून." उजेड लुकलुकला आणि विरला. चुलीपाशी करवंदीचं एक पांढरं फूल तेवढं उरलं.

भागू आठ दिवसांत चालती झाली. काचबंगल्यात ती आजही कस्टर्ड करते. पण त्या डोंगरावर तेव्हापासून एक गंमत आहे. कुणी करणाऱ्याला डावलून वाढायला गेलं, की चमचा पातेल्यात रोवून उभा राहतो, राजा ओढो नाही तर त्याचा हत्ती. पहिला घास करणाऱ्याच्या तोंडात गेला की मगच तो हलतो. तुमच्या घरचा चमचा अडत नसला, तरी जेवायला बसण्याआधी चुलीपाशी कोण उपाशी उभं आहे ते एकदा बघून या.