दारापुढची वाट कोणाची?

एकदा एका डोंगरी नगरात सलग तीन दिवस बर्फ पडला. तिथला नियम असा, की उजाडताच ज्याने त्याने आपल्या दारापुढचा बर्फ ओढायचा आणि वर चुलीतली राख पसरायची. तिथे कोणी घसरून पडलं तर जाब घरमालकाने द्यायचा.

लोकरीच्या एका व्यापाऱ्याने मात्र आपल्या पायऱ्या कढत पाण्याने धुतल्या. पाणी वाटेवर ओघळलं आणि गोठून आरशासारखं झालं. सूत कातणारी एक म्हातारी त्यावरून घसरली, उजवा हात मोडला. घर त्याच हातावर चालत होतं.

तिची सून एका वृद्ध न्यायशास्त्र्यांची शिष्या होती. नवरा मेंढरं घेऊन खालच्या मुलखात गेलेला. तान्ह्याला पाठीशी बांधून ती पंचांपुढे उभी राहिली. सासूचा हात जुळेपर्यंत व्यापाऱ्याने घराला दाणापाणी द्यावं, एवढंच मागणं.

व्यापारी हसला. "बर्फ आभाळाचा, वाट राजाची. पायरीपर्यंत माझं. म्हातारीनं डोळे उघडे ठेवून चालावं की!"

पंच घोटाळले. निकाल उद्यावर गेला. अख्खा हिवाळा पुढे आणि मडक्यात चार दिवसांचंच पीठ! शिष्येने पंचायतीत मागे बसलेल्या आपल्या न्यायशास्त्री गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत हो!"

"उद्या चार घोंगड्या घेऊन ये. आणि पंचांना म्हणावं, सकाळी व्यापाऱ्याच्या दारावरून जा."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी व्यापाऱ्याच्या दारासमोर, ऐन वाटेवर, राख टाकून घोंगड्या मांडल्या आणि खणखणीत आवाजात पुकारू लागले, "घ्या, ऊबदार घोंगडी घ्या!" शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे जीव टांगणीला, आणि यांना दुकान सुचतंय?

व्यापारी तावातावाने बाहेर आला. "ओ आजोबा, उठा! माझ्या दारात दुकान मांडता?"

"वाट राजाची ना, बाळा?"

"कसली राजाची! सात पिढ्या ही जागा आमची. माझा पणजा इथे लोकर वाळवायचा. विचारा कोणालाही!"

"विचारायचं कशाला? आम्ही ऐकलं की," मागून थोरले पंच म्हणाले.

सगळी आळी खदखदून हसली. व्यापाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. निकाल तिथेच उभ्या उभ्या झाला: हात जुळेपर्यंत म्हातारीच्या घरी धान्य आणि सरपण, शिवाय रोज पहाटे वाट साफ, तीही व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने. बायाबापड्यांनी टाळ्या पिटल्या. शिष्येचा ऊर भरून आला.

परतताना गुरुजी म्हणाले, "पोरी, कर्तव्य विचारलं की माणूस पायरीवरच थांबतो. हक्क विचारला की पार रस्त्यापर्यंत धावत येतो. म्हणून मी त्याला हक्क विचारला. ज्या जागेवरून दुसऱ्याला उठवण्याचा अधिकार आपण सांगतो, तिथे पडणाऱ्याला सावरणंही आपल्याकडेच येतं."

ती विजयाने फुललेली घरी पोचली आणि उंबऱ्याशी थबकली. या धावपळीत तिच्याच दारापुढे गुडघाभर बर्फ साचला होता. पलीकडून शेजारीण घागर घेऊन येत होती.

"थांबा हो वहिनी, जरा तिथंच थांबा!" असं म्हणत तिने लेकरू सासूजवळ ठेवलं आणि फावडं उचललं.