टाकीच्या शेजारी

एकदा एक गृहस्थ आपला दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून गुरूंना दाखवायला निघाला. सकाळची वेळ होती. तळ्यावर धुके इतके दाट उतरले होते की पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे कळू नये. बांधावरून गाडी ढकलताना त्याला वाटत होते की आपण जमिनीवर चालतच नाही, कुणाच्या तरी झोपेतून अलगद सरकतो आहोत. गाडीवरची हिरवी टाकी दवाने चमकत होती. तिच्याकडे पाहताना त्याचे मन भरून येत होते.

या गृहस्थाचे नाव पुरुषोत्तम. गावच्या वाचनालयात तो ग्रंथपाल होता, परंतु त्याचे खरे चित्त दुरुस्तीत रमे. गळके तपेले, बंद पडलेले घड्याळ, दांडा मोडलेली छत्री असे काहीही हाती लागले की तो तहानभूक विसरे. ही आवड त्याला तळ्याकाठी राहणाऱ्या अण्णांनी लावली होती. अण्णा वयाने फार वृद्ध होते. दुपारच्या वेळी चार जिज्ञासू माणसे त्यांच्या ओसरीवर जमत, आणि अण्णा हातातले काहीतरी सांधत सांधत बोलत. 'मोडले ते टाकण्याआधी जोडून पाहावे,' हे त्यांचे वाक्य पुरुषोत्तमाने हृदयाशी धरले होते.

त्याची पत्नी कुमुद पाळण्यावर टांगायची चिमणाळी करी. लाकडाचे चिमुकले पोपट, मोर, चिमण्या सुताराकडून येत, आणि कुमुद मागच्या पडवीत बसून त्यांच्यावर स्प्रेगनने रंग फवारी. त्यासाठीच घरात हवेचा कॉम्प्रेसर आला होता. खाली हवा साठवणारी लोखंडी टाकी आणि तिच्यावर बसवलेला पंप व मोटर, एवढेच ते यंत्र. पुष्कळ वर्षे त्याने इमानाने काम केले. पुढे मात्र त्याला धाप लागू लागली. टाकी भरायला फार वेळ लागे, दाब दाखवणारा काटा वर चढून पुन्हा खाली घसरे, आणि रंग एकसारखा न बसता मोरांच्या पिसांवर ठिपके उमटत.

बाजारातल्या दुकानदाराने यंत्र पाहून सांगितले की याचे दिवस भरले, नवे घ्या. कुमुदचेही तेच म्हणणे होते. मला त्याच्याजवळ बसायला नको वाटते, असे ती एकदा म्हणाली. का ते तिला नीट सांगता येईना. पुरुषोत्तमाने तिला अण्णांचे वाक्य ऐकवले. पुन्हा एकदा ती बोलली, तेव्हा त्याने तेच वाक्य जरा जोरात ऐकवले. त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि आपले म्हणणे तिला पटले असे तो धरून चालला.

मग त्याने यंत्र उघडले. पंपाच्या रिंगा बदलल्या, झडपा घासून स्वच्छ केल्या, हवा निसटू नये म्हणून गॅस्केट नवे घातले, नळीचे सांधे आवळले. शेवटी टाकीचा गंजका पत्रा घासून त्यावर हिरवा रंग चढवला. यंत्र सुरू केले तर ते नव्यासारखे घुमू लागले. काटा वर गेला आणि तिथेच थांबला. त्या समाधानात त्याला रात्री सुखाची झोप लागली. सकाळी उठताच तो गाडी घेऊन निघाला, तो हा असा.

अण्णा ओसरीवर बसले होते. शिष्याने यंत्र खाली उतरवले, काय काय केले ते एका दमात सांगितले, आणि विजेचे बटण कुठे आहे ते तो शोधू लागला.

"चालवून दाखवू नकोस," अण्णा म्हणाले. "चालते आहे हे तुझ्या चेहऱ्यावरच दिसते."

ते सावकाश उठले. टाकीत उरलेली हवा त्यांनी सोडायला लावली. ती हवा दीर्घ निःश्वासासारखी बाहेर पडली आणि धुक्यात मिसळून गेली. मग त्यांनी आतून एक पांढरा वाडगा मागवला, टाकीच्या पोटाखालचा छोटा स्क्रू उघडायला सांगितले आणि वाडगा खाली धरला. पुरुषोत्तमाने तो स्क्रू आजवर कधी उघडलाच नव्हता. प्रथम काही आले नाही. मग थेंब, आणि मग तांबडे, दाट पाणी. वाडगा भरत गेला. त्या पांढऱ्या वाडग्यात जणू एखादी जुनी संध्याकाळ साचून राहिली होती. पुरुषोत्तम त्या रंगाकडे नुसता पाहत राहिला.

"हिच्याजवळ रोज कोण बसते?" अण्णांनी विचारले.

"कुमुद बसते."

अण्णांनी मान हलवली. कोनाड्यातून त्यांनी एक खिळा आणि लहानशी हातोडी काढली. टाकी आडवी करून ते तिच्यावर हातोडीने हलके हलके वाजवू लागले. वरच्या अंगाला घंटेसारखा नाद आला. खाली येता येता नाद बसका होत गेला, आणि पोटापाशी तर मातीच्या ढेकळावर मारल्यासारखा आला. तिथे त्यांनी खिळा टेकवला आणि हातोडी हलकेच टेकवावी तशी मारली. खिळा पत्र्यात असा शिरला की जणू तिथे पत्रा नव्हताच, नुसता हिरवा रंग होता.

इतक्या दिवसांची मेहनत, आणि ज्यांनी जोडायला शिकवले त्यांनीच भोक पाडावे. पुरुषोत्तमाला राग यायला हवा होता, परंतु त्या भोकाकडे पाहताना राग येईना. तो खाली बसला.

अण्णा त्याच्या शेजारी बसले.

"हवा दाबली की तिच्यातले बाष्प पाणी होऊन तळाशी बसते. तिथे ते गुपचूप लोखंड खाते. पंप बिघडला तर तो आवाज करतो, धापा टाकतो, म्हणून तुझे लक्ष त्याच्याकडे गेले. टाकी मात्र शेवटपर्यंत मुकी राहते. आणि दाब सारा तिच्याच पोटात असतो." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मोडले ते जोडून पाहावे, हे मी तपेल्याविषयी म्हणालो, छत्रीविषयी म्हणालो. सांधलेले तपेले पुन्हा गळले तर दूध सांडते. ही टाकी फुटली तर कुणाच्या अंगावर फुटेल? वस्तू ठेवावी की बदलावी, हे ठरवताना एवढेच विचार, की पुन्हा बिघडली तर नुकसान काय होईल आणि कोणाचे होईल. दुरुस्तीचा आनंद तुझा होता, पुरुषोत्तम. जवळ बसणे तिचे होते."

पुरुषोत्तम खालच्या आवाजात म्हणाला, "ती मला म्हणाली होती."

"मग तू काय सांगितलेस?"

"तुमचे वाक्य सांगितले."

अण्णांनी डोळे मिटले. धुके विरत होते, आणि तळ्यातली कमळाची पाने एकेक करून दिसू लागली होती. मग अण्णा म्हणाले की पंप आणि मोटर त्याने उत्तम केली आहेत, ती काढून नव्या टाकीवर बसवावी, केलेली मेहनत फुकट जाणार नाही. या टाकीला मात्र आता नमस्कार करून निरोप द्यावा. भोक त्यांनी मुद्दामच पाडले होते, एरवी उद्या शिष्याचा हात पुन्हा सांधायला शिवशिवला असता.

परतीची वाट उन्हाची होती, तरी पुरुषोत्तमाला ती सकाळच्याइतकीच धूसर वाटली. घरी येऊन तो थेट मागच्या पडवीत गेला. कुमुद शेजारणीकडे गेली होती. यंत्राची जागा रिकामी होती, आणि रिकामी होती म्हणूनच त्याला प्रथम तिच्या भोवतालचे दिसले. यंत्राच्या जागेपासून कुमुदचे स्टूल लांब, भिंतीला चिकटून होते. दोहोंच्या मधे भाताच्या तुसाने गच्च भरलेली पोती कमरेइतकी उंच रचलेली होती. पोत्यांच्या एका अंगावर निळ्या, पोपटी, शेंदरी रंगाचे थर बसले होते. इतके थर काही एका दिवसात बसत नाहीत. तो रोज या पडवीत येत होता, यंत्रावर कान ठेवून तासन् तास बसत होता, आणि ही पोती त्याने पाहिली नव्हती.

कुमुद आली तेव्हा तो पोत्यांपाशी उभा होता.

"ही कधी रचलीस?"

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "भाताच्या गिरणीतून तूस आणले. त्याने काही थांबेल की नाही, ठाऊक नाही. पण जरा धीर यायचा."

"मला सांगायचे होतेस."

"सांगितले होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

या वेळी पुरुषोत्तमाने कुणाचेही वाक्य ऐकवले नाही. त्याने तळ्याकाठी जे घडले ते सगळे तिला सांगितले, खिळ्यासकट. आणि मग विचारले, "आता काय करायचे, ते तू सांग."

दुसऱ्या दिवशी दोघे दुकानात गेली. कुमुदने मांडलेल्या टाक्या हाताने चाचपल्या, वाकून त्यांची पोटे ठोकून पाहिली, आणि दुकानदार दाखवत होता त्याहून लहान, जाड पत्र्याची एक निवडली. पाणी काढायचा स्क्रू पुढच्या अंगाला असलेली. रोज काम संपल्यावर तो मीच उघडीन, असे तिने सांगितले. पुरुषोत्तमाने दुरुस्त केलेला पंप त्या टाकीवर बसवला.

यंत्र प्रथम सुरू करायचे तेव्हा कुमुद सवयीने भिंतीकडे निघाली. पुरुषोत्तमाने स्वयंपाकघरातला पाट आणला, अगदी टाकीला लागून ठेवला आणि तो त्यावर बसला. यंत्र मंद घुमू लागले. कुमुदने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग तिने स्प्रेगन उचलली आणि एका लाकडी मोरावर निळा रंग धरला. पडवीत बारीक निळे धुके पसरले, आणि त्यातून मोराची मान हळूहळू वर आली.