बेटावरची होडी हवी की नको?

एका किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक चिमुकलं बेट होतं. पन्नासएक घरं, गोड्या पाण्याची एक विहीर, देवीचं एक देऊळ. ये-जा करायला राजाची होडी. एके दिवशी राजाच्या मनात आलं, एवढ्याशा बेटाला होडी कशाला? त्याने एका कारकुनाला धाडलं. "नकाशा काढ, माहिती लिही. लोकांना पायी येता येत असेल तर होडी बंद."

कारकून मोठा टापटिपीचा माणूस. पौर्णिमेला सकाळीच किनाऱ्यावर पोचला, तर समोर बेटापर्यंत कोरडी वाळू. तो ऐटीत चालत गेला आणि वहीत लिहून मोकळा झाला, 'हे बेट नव्हेच. होडी नको.' आता दोन घास खाऊन परत फिरू म्हणाला.

दुपारी येऊन बघतो तर त्याच वाटेवर पुरुषभर पाणी. बिचारा चक्रावलाच. त्याने ती ओळ खोडली.

जवळच एक म्हातारी कोळीण मासे सुकत घालत होती. कारकुनाने विचारलं, "आजी, देऊळ मूळचं इथलंच का?"

तिने समुद्राकडे बोट दाखवलं. "नाही, तिथलं."

"तिथे तर पाणी आहे."

"आता आहे. माझ्या सासूच्या वेळी वाडी होती तिथे. देवीला तीनदा मागे आणलीय बाबा. बेट त्या अंगाने झिजतं नि या अंगाने वाढतं."

"मग बेट केवढं लिहू?"

"दिवाळी झाली की आम्ही दोर घेऊन मोजतो. यंदाचं माप यंदापुरतं."

कारकुनाचं डोकं भणभणलं. ही बाई आपली फिरकी घेतेय, असंच त्याला वाटलं. "बरं, चालत जाता येतं की नाही, एवढं तरी सांगा."

"येतं की. अष्टमीला मात्र नाही हो."

तो अगदी रडकुंडीला आला. खोडलेली ओळ पुन्हा लिहिली की सुटका होती; खरंखोटं बघायला कोण येणार होतं? पण हात धजेना. नोकरीची धाकधूक होती, तरी तो पंधरा दिवस तिथेच राहिला आणि रोज त्या वाटेवर जाऊन बसला. अष्टमीला खरंच ओहोटीतही कमरेएवढं पाणी होतं.

कारकून परतल्यावर राजा खवळला. "एका दिवसाच्या कामाला पंधरा दिवस? आणि ही काय खोडाखोड? ते बेट आहे की नाही?"

"महाराज, माझाच गोंधळ उडालाय. कधी आहे, कधी नाही. पंधरवड्यातले सहा-सात दिवस वाट उघडते, तीही थोडा वेळ. होडी बंद करायची तर करा. फक्त तिथल्या गरोदर बायकांना हुकूम काढावा लागेल, की कळा ओहोटी बघूनच येऊ द्या."

दरबारात कुणी हसलं नाही. राजा शरमला. त्याने होडीवर आणखी एक नावाडी नेमला.

तात्पर्य काय, तर कळलं नसेल तिथे 'कळलं नाही' म्हणायला लाजू नये. आपल्या घाईच्या एका ओळीवर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो.