काळ्या सायीवरची रेघ

एकदा एका वाळवंटाच्या काठावर एक वृद्ध सायकलस्वार राहत असे. दर हिवाळ्यात तो शिष्यांचा जथा घेऊन जाड टायरांच्या डोंगरी सायकलींवरून ते वाळवंट या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करी. शिष्य त्याला अण्णा म्हणत. अण्णा फार थोडे बोलत. ज्याला पाहता येते त्याला सांगावे लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि शिष्य या श्रद्धेपुढे आदराने मान डोलवीत.

एका शिष्येची मान मात्र डोलत नसे. वाळवंटावर तिचा विलक्षण जीव होता. सकाळच्या तिरप्या उन्हात वाळूवर उमटणाऱ्या लाटा आणि खडकांचा तांबूस रंग पाहण्यासाठी ती वर्षभराची रजा साठवून ठेवी. पण अण्णांचे मौन तिला सोसत नसे. "काही विचारलं की नुसतं हसतात," ती सोबत्यांजवळ धुसफुसे. "याला ज्ञान म्हणायचं की आळस?"

त्या वर्षी अण्णांचे गुडघे कुरकुरू लागले. प्रवासाच्या शेवटच्या सकाळी त्यांनी तिला बोलावले. "आज पुढे तू. मी तुझ्याबरोबर असेन, पण रस्ता तू निवडायचास. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पलीकडच्या विहिरीवर नेलंस, तर पुढच्या हिवाळ्यापासून जथा तुझा."

हेच तर तिला हवे होते.

जथ्याची रीत अशी होती की वाट काढणारा बराच पुढे असे आणि बाकीचे त्याच्या चाकांची रेघ धरून मागून येत. वाळवंटात पाट्या नसतात; तिथे रेघ हीच पाटी. आणि विहिरीवर पोहोचल्यावर पाण्याची पहिली ओंजळ वाट काढणाऱ्याची असे.

दुपारी एक सपाट मैदान लागले. तिथली जमीन काळपट, खरबरीत होती, तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी. मैदानाला वळसा घालून एक कोरडा ओढा गेला होता, दगडगोट्यांनी भरलेला. अण्णा सायकलवरून उतरले, ती त्यांनी खांद्यावर टाकली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ठेचकाळत ते ओढ्यात शिरले.

"अण्णा, इथे गालिचा अंथरलाय आणि तुम्ही गोट्यांत कुठे?" तिने हाक मारली.

"रस्ता तू निवडायचास," ते न थांबता म्हणाले.

म्हातारपणाची हौस, असे मनाशी म्हणत तिने पायडल मारले. चाकांखाली पापड मोडावा तसा कुरकुर आवाज होत राहिला. वारा पाठीशी होता. ती चुटकीसरशी पार झाली आणि अण्णांची वाट पाहत बसली. खूप वेळाने ते घामाघूम होऊन वर आले.

"मागे बघ," ते म्हणाले.

काळ्या मैदानावर एक फिकट रेघ उमटली होती. सुरीने कापल्यासारखी.

"सरळ आलीय की."

अण्णा तिच्याशेजारी बसले. "ही साय जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव वाळूचा कण कणाला बांधून ठेवतात. पावसाचे चार थेंब पडले की ते जागे होतात, जरासे वाढतात आणि पुन्हा निजतात. म्हणून ही जमीन वाऱ्यावर उडून जात नाही. चाकाखाली साय मोडली की त्या चिरेत वारा शिरतो. तुझी ही रेघ भरून आलेली मी बघणार नाही, कदाचित तूही नाही. वाळवंट राकट दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं त्याला काही दुखत नाही. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्या अंगावरून जाताना आपल्या वजनाखाली काय मोडतंय ते ऐकावं."

तो आवाज तिने ऐकला होता. तिला तो आवडलाही होता. आधी तिला लाज वाटली, मग संताप आला.

"हे तुम्हाला ठाऊक होतं. मला धडा मिळावा म्हणून तुम्ही ही जमीन फुटू दिलीत?"

"निवड तुझी होती."

"माहीतच नसेल तर कसली निवड? अण्णा, ही रेघ निम्मी तुमची आहे."

असे त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते.

इतक्यात दूरच्या उतारावर ठिपके दिसू लागले. पंक्चर काढण्यात रेंगाळलेला जथा उतरत होता, थेट तिच्या रेघेच्या रोखाने.

ती ताडकन उठली.

"परत गेलीस, तर सगळ्यांना ओढ्यातून आणावं लागेल," अण्णा म्हणाले. "दिवस मावळेल."

तिने एकदा सूर्याकडे पाहिले. मग सायकल खांद्यावर टाकून ती गोट्यांतून धावत सुटली.

रेघ जिथे सुरू होत होती तिथे तिने सायकल आडवी टाकली आणि पुढ्यात उभी राहिली. सर्वांत आधी आला एक कापडाचा व्यापारी, पोट कमी करायला जथ्यात सामील झालेला.

"अगं, बाजूला हो! ही रेघ तुझीच ना?"

"माझीच. चुकलीय, म्हणून आडवी आलेय. ओढ्यातून चला."

"त्या गोट्यांतून? आधीच सीटने माझ्या बुडाची वाट लावलीय!"

"मग सायकल खांद्यावर घ्या शेठ. बुडाला तेवढाच आराम."

मागे गोटे खडखडले. त्या गुडघ्यांनी अण्णा परत आले होते. ते तिच्या शेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले: ही साय, हे जीव, हा वारा. सगळे, पहिल्यापासून, पुन्हा पुन्हा. जुने शिष्य अवाक होऊन ऐकत राहिले.

"अण्णा," व्यापारी म्हणाला, "इतक्या वर्षांत हे एकदाही बोलला नाहीत!"

"त्याबद्दल हिने मला केव्हाच झापलंय," अण्णा म्हणाले.

विहिरीवर पोहोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. ती सर्वांत मागे उभी राहिली. अण्णांनी पोहरा वर ओढला, गर्दीतून वाट काढत ते तिच्यापाशी आले आणि पोहरा तिच्यापुढे धरला.

"दिवस तर मावळला, अण्णा."

"मावळू दे. पुढच्या हिवाळ्यात त्या ओढ्याच्या तोंडाशी बोलणारं कुणीतरी हवं."

तिने ओंजळ पुढे केली.

साय कुठे आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते चाक पडण्याआधी सांगावे.