ग्रंथावर बसलेले आचार्य

एकदा एक वृद्ध ग्रीक आचार्य शत्रूच्या हाती पडलेली आपली नगरी सोडून समुद्रमार्गे इटलीत आले. बरोबर एक गाठोडे होते आणि एक प्राचीन ग्रंथ. गाठोडे वाटेत हरवले, ग्रंथ मात्र छातीशी राहिला.

तिथे त्यांना एक इटालियन शिष्य लाभला. तो ग्रीक विद्येत असा बुडाला की बोलणे ग्रीक, पेहराव ग्रीक. इतकेच काय, तत्त्वज्ञांसारखी दाढी वाढवून ती दिवसभर खाजवत बसे. मातृभाषा उरली ती भाजी आणण्यापुरती. शहरातल्या नव्या पाठशाळेत अध्यापक व्हावे, हे एकच स्वप्न त्याने उराशी बाळगले होते.

पाठशाळा काढणारा व्यापारी त्याची परीक्षा घ्यायला आला. शिष्याने मेजावर ग्रंथ उघडून ओघवत्या ग्रीकमध्ये प्रवचन सुरू केले. व्यापाऱ्याला ग्रीकचा गंध नव्हता. तो आदराने मान डोलवत राहिला आणि डोलवता डोलवता पेंगू लागला.

तेव्हा आचार्य उठले. त्यांनी ग्रंथ मिटला, बाकावर ठेवला आणि खुशाल त्यावर बसले!

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. परीक्षेचे भान विसरून तो आईच्या बोलीत कडाडला, "उठा आधी! थोरामोठ्यांनी सांगितलं की आम्ही मान खाली घालून ऐकत होतो. 'कशावरून?' असं विचारायला मला या ग्रंथानं शिकवलं. तो नसता तर आज तुम्हालाही मी हटकलं नसतं!"

व्यापाऱ्याची झोप उडाली. "म्हणजे उद्या माझा कारकूनही मला जाब विचारणार?"

"विचारू द्या की!" शिष्य म्हणाला. "उत्तर पटलं तर तो दुप्पट मनानं काम करील."

आचार्यांनी उठून ग्रंथ बाहीने पुसला, त्याचे चुंबन घेतले. "जिवापाड जपलेल्या ग्रंथावर बसताना माझाही जीव कासावीस झाला, बाळा. पण ग्रीक विद्या इतके दिवस तुझ्या केवळ जिभेवर होती. आज ती तुझ्या रागात उतरली, आणि राग माणसाला आपल्याच भाषेत येतो. पाहुणी म्हणून तिला किती दिवस बसवून ठेवशील? आता तिला घरातलं काम करू दे."

मग त्यांनी विचारले, "ते कारकुनाचं वाक्य ग्रंथात कुठं आहे रे?"

शिष्य चाचरला. "कुठंच नाही, आचार्य. ते माझंच आहे."

आचार्य प्रसन्न हसून व्यापाऱ्याकडे वळले. "घ्या, तुमचे अध्यापक तयार आहेत."