बाभळीकडचं दार

"...मग बायका अजून बाभळीतच का जातात, आक्का?"

शाल्मलीचा आवाज चढला होता. बायपासलगतच्या या वस्तीत तिनेच खटपट करून बायकांसाठी दहा सीटचा संडास बांधून घेतला होता. पांढऱ्याशुभ्र फरश्या, लख्ख दिवे. आणि आत चिटपाखरू नाही. सोमवारपर्यंत वापर दिसला नाही तर नगरपालिकेचे साहेब कुलूप ठोकणार होते.

गिरजाआक्का लसूण सोलत राहिली. तीस वर्षं शहराची घाण उपसून म्हातारी झालेली बाई. वस्तीत तिचा शब्द कुणी मोडत नसे.

"कुणाला विचारून बांधलंस?"

"घरोघरी फॉर्म भरून घेतले. इंजिनिअर आहे मी, आक्का."

"आणि तू कुठं जातीस?"

शाल्मली गडबडली. "मी... हायवेवरच्या हॉटेलात. स्कूटीवरून."

आक्का उठली. पत्र्याचा डबा पाण्याने भरला, तिच्या हातात दिला.

"जाऊन ये."

"पण मला आत्ता..."

"लागलीय का, असं विचारलं का मी?"

ती निघाली. संडासाचं दार रस्त्याच्या बाजूला होतं. उद्घाटनाच्या फोटोत इमारत उठून दिसावी म्हणून तिनेच तसं काढलेलं. समोर चहाची टपरी, टपरीपुढे पोरांचा कॅरम.

डबा दिसला तसा खेळ थांबला. एकाने अदबीने पाय आवरून घेतले.

"जाऊ द्या रे, मॅडम आहेत."

ती दचकली. निम्मं पाणी चपलेवर. दारापुढून ती तशीच सरळ चालत गेली आणि बाभळीतून वळसा घालून परत आली.

"आलीस जाऊन?"

शाल्मलीने निम्मा भरलेला डबा खाली ठेवला.

आक्काने डब्यात डोकावून पाहिलं. पुन्हा लसूण सोलायला बसली.

दुसऱ्याच दिवशी शाल्मलीने गवंडी आणला. पुढचं दार विटांनी बुजवलं, मागच्या, बाभळीकडच्या भिंतीत नवं काढलं.

"आता फोटो कशाचा काढणार, मॅडम?" गवंडी कुरकुरला.

रविवारी ती जीव मुठीत धरून इमारतीमागे गेली. कोपऱ्यावरच भांडण कानावर आलं.

"नंबर माझाय, चंपे. डबा ठेवून गेलते मी."

"मग डब्यालाच पाठव की आत."

इतकं गोड भांडण शाल्मलीने जन्मात ऐकलं नव्हतं. ती धावतच आक्काकडे आली.

"आक्का, रांगेतच अकरा बायका मोजल्या! सुटले बाई एकदाची. आता जरा हॉटेलात जाऊन येते, सकाळपासून तशीच..."

ती पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधू लागली.

आक्काने पत्र्याचा डबा पुढे केला.

"भरून घे. रांग मोठी आहे."