उतारावरचं आवळीभोजन

एकदा एका व्यापाऱ्याने घर बांधायला रानातला उतार विकत घेतला आणि तो घरं रचणाऱ्या एका वृद्ध स्थपतीकडे आला. म्हणाला, "झाडं काढा, डोंगर कापा, सगळं सपाट करा. म्हाताऱ्या आईला उतारावर चालवत नाही हो. पौर्णिमा झाली की कुऱ्हाडवाले येतील."

आईचं नाव पुढे करून आपली हौस भागवायची खोड मोठ्या माणसांना असतेच.

वृद्ध शांतपणे म्हणाला, "बरं. पण त्याआधी यंदाचं आवळीभोजन तिथेच करू. चटया अंथरायच्या नाहीत. ज्याला जिथे रुचेल तिथे त्याने बसावं."

व्यापारी जाताच शिष्य उसळला. पाठशाळा अर्ध्यावर सोडून आलेला हा तरुण, गुरुजनांची भीडही तिथेच टाकून आला होता. "गुरुजी, रान मरायला टेकलंय आणि तुम्हाला जेवण सुचतंय? वय झालं की 'नाही' म्हणायची ताकद जाते का?"

वृद्ध हसला. त्या हसण्याने शिष्य आणखीच चिडला.

ठरल्या दिवशी सगळे जमले. म्हातारीच्या सुनेने चूल वरच्या अंगाला मांडली, म्हणजे धूर कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही. व्यापारी पत्रावळ घेऊन थेट माथ्यावर जाऊन बसला. आमटी ओघळली ती त्याच्या धोतरावरच.

"शेठ, आमटीला उतार कळतो!" शिष्य ओरडला.

पुटपुटत व्यापारी खाली उतरला आणि वाटेलगतच्या ऐनाच्या झाडाच्या मुळाशेजारी टेकला. म्हातारी मात्र कधीच मध्यावर पोचली होती. आवळ्याखाली हातभर सपाटी होती, पाठीला खडक होता.

"आई, चढलीस कशी तू?"

"गुरांच्या वाटेने, तिरकी तिरकी. चालवत नाही म्हणे! धाप तुला लागलीय मेल्या, मला नाही. अगं सूनबाई, मीठ वाढायचं राहिलं!"

"आणते, आत्याबाई!" सूनही त्याच तिरक्या वाटेने उतरून आली.

जेवणं झाली. पत्रावळी उचलल्या तशी वृद्धाने एकेका जागी खुंटी रोवायला सुरुवात केली.

"उष्ट्याच्या जागी खुंट्या? हे काय नवीन सोंग, गुरुजी?"

"हे घर आहे," वृद्ध म्हणाला. "वर स्वयंपाकघर, मध्ये आईची खोली, खाली शेठची बैठक. जोडायला गुरांची वाट आहेच. माणूस उभा राहून हुकूम सोडतो, तेव्हा त्याला सगळं सपाट हवं असतं. जेवायला बसला, की त्याचं अंग आहे त्याच भूमीत आपली जागा शोधतं. आणि बुंध्यात शिरून कोणी जेवत नाही, त्यामुळे झाडही आड येत नाही."

"मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तो माझ्याशी भांडला असता. आता त्याला आईशी भांडावं लागेल."

म्हातारीचा तिथेच डोळा लागला होता. मान खडकाला टेकलेली, अंगावर आवळ्याची बारीक सावली. व्यापारी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग शिष्याजवळ येऊन म्हणाला, "कुऱ्हाडवाल्यांना येऊ नका म्हणून सांग. आणि जरा हळू बोल."

शिष्याचा गुरुजींवरचा राग काही पुरता गेला नव्हता. पण म्हातारीच्या पायाशी एक खुंटी सैल राहिली होती. तो वाकला आणि आवाज होऊ न देता त्याने ती तळहाताने दाबून पक्की बसवली.